दोराचं दुसरं टोक

“आता जे सांगणार आहे ना, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही!” झेफेरिनोने जाहीर केलं आणि खुर्ची पुढे ओढून दोन्ही कोपरं टेबलावर रोवली.

“मग सांगतोस कशाला, दादा?” देओलिंदाने ऑक्टोपस घातलेल्या भाताचं पातेलं त्याच्या नाकासमोर आदळलं. “आधी जेव. पाहुण्यांनाही जेवू दे.”

एरवीच्या रविवारी हे वाक्य कानावर पडलं की अंजिराखालच्या त्या टेबलाभोवती हशा व्हायचा, कोणीतरी वाइनचा जग त्याच्याकडे सरकवायचं आणि झेफेरिनोची गाडी सुटायची. त्याच्या गोष्टींत मासे लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत, वादळं त्याला नावानिशी ओळखत. आज कोणी हसलं नाही. आज टेबलाच्या टोकाशी, मानाच्या जागी, जिथे गेल्या ईस्टरपर्यंत देओलिंदाची सासू बसायची, तिथे कॅप्टन लेमोस बसले होते. निवृत्त मरीन अधिकारी, बर्फासारख्या मिश्या, आणि मांडीवर कापडी फाईल. जेवायलाही त्यांनी ती खाली ठेवली नव्हती.

फाईलचं कारण सांता लुझियातल्या पोरासोरांनाही पाठ होतं. धक्क्यावर नवी बचावनौका येऊन उभी होती. नारिंगी, चकचकीत, आणि नाकावरची नावाची जागा कोरी. किनारा बचाव मंडळाची उद्या सकाळी बैठक होती. मंडळापुढे दोन नावं होती. एक आमारोचं, म्हणजे देओलिंदाच्या नवऱ्याचं, गावातल्या एकुलत्या एक युद्धक्रॉस पदक मिळालेल्या नौसैनिकाचं. दुसरं एका जुन्या सरदाराचं, ज्याच्या मालकीची मासे खारवण्याची वखार एके काळी इथे होती आणि ज्याचे पाय आयुष्यात फक्त अंघोळीच्या वेळी ओले झाले होते.

“साधी अट आहे,” मंडळाच्या वतीने आलेले कॅप्टन म्हणाले. “नौकेला माणसाचं नाव द्यायचं तर त्याने काय केलं ते समारंभात वाचून दाखवावं लागतं. सन्मानपत्रात एकच ओळ आहे. ‘काशेउ नदीवर, शत्रूच्या माऱ्याखाली असामान्य धैर्य.’ बस. कसलं धैर्य, ते नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या, गिनी या आपल्या वसाहतीतल्या लढाईचे कागद असेच आहेत, अर्धे भिजलेले, अर्धे हरवलेले. म्हणून मी स्वतः आलो.” ते वळले. “आमारो, तुम्हीच सांगा. चार वाक्यं पुरेत.”

आमारो शेगडीपाशी उभा होता, टेबलाकडे पाठ करून. चौसष्ट वर्षांचा तो माणूस अजून दारातून आत येताना चौकटीला खांदा घासायचा. कोळशावर तारल्यांची मासळी चुरचुरत होती. त्याने एकेक तारली चिमट्याने उलटली. सगळ्या उलटून झाल्या, मग म्हणाला,

“तारल्या जळतील.”

झालं एवढंच. एकोणचाळीस वर्षांत त्या विषयावर आमारो बोललेला हा बहुधा सर्वांत मोठा मजकूर होता.

“बघितलंत?” देओलिंदा कॅप्टनना म्हणाली. “मी फोनवर सांगितलं होतं तुम्हाला. ते पदक माझ्या बटणांच्या डब्यात आहे. बटणांना त्याचा त्रास नाही, त्याला बटणांचा नाही. राहू द्या ना तिथेच.”

“आई, तू मध्ये पडू नकोस.” हे ग्रासिएत, त्यांची लेक. सकाळीच तिने डबा उपसून तो क्रॉस काढला होता, फडक्याने पुसला होता आणि बापाच्या सदऱ्याला टोचला होता. बापाने तो पाचव्या मिनिटाला काढून खिडकीच्या कठड्यावर, ऑलिव्हच्या बियांशेजारी ठेवून दिला होता. तो अजून तिथेच होता.

“मी पडू नको? अडतीस वर्षं संसार केलाय मी याच्याशी. तू त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस?”

“मी त्यांना ओळखतच नाही,” ग्रासिएत म्हणाली. “तोच तर त्रास आहे.”

झेफेरिनोने भाताचा घास तोंडात घातला आणि चावायचं विसरला.

वाद पेटला की या घरात बाजू पडायला वेळ लागत नसे, आणि आज तर जावयाचीही भर होती. ओरासिओ तावीराच्या शाळेत इतिहास शिकवायचा. माणूस भला, पण त्याला गोष्टींच्या तारखा लागायच्या. त्याने खिशातून वही काढली तेव्हाच झेफेरिनोने चमचा खाली ठेवला.

“मामा, राग मानू नका,” ओरासिओ म्हणाला. “मंडळाचे लोक गावात चौकशी करून गेले. त्यांना सात निरनिराळ्या हकिकती मिळाल्या. मी लिहून काढल्या. पहिलीत बाबांनी पाच जणांना वाचवलं. दुसरीत सात. सलूनवाल्याच्या हकिकतीत नऊ, वर एक मगर.”

“लहान मगर,” झेफेरिनो पुटपुटला.

“एकीत बाबा रबराची होडी डोक्यावर घेऊन नदी पोहून जातात. एकीत दोर दातात धरून होडी ओढतात.”

“दात चांगले होते त्याचे तेव्हा.”

“आणि या सातही हकिकती कोणी सांगितल्या?”

सगळ्यांच्या नजरा झेफेरिनोकडे वळल्या. अंजिरावरच्या चिमण्यांनासुद्धा ते ठाऊक असावं.

“मजेची गोष्ट अशी,” ओरासिओ वही मिटत म्हणाला, “की आकडे बदलतात, मगर येते-जाते, पण एक बाब सातही ठिकाणी तीच आहे. सगळे परत येतात. नऊ गेले तर नऊ येतात.”

झेफेरिनोने मान खाली घातली आणि आपल्या तळव्यांकडे पाहिलं. त्याच्या तळव्यांवर रेषा नव्हत्या. दोन्ही हात गुळगुळीत, तुकतुकीत, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे. याबद्दलही गावात त्याच्या चार गोष्टी फिरत होत्या. सर्वांत लोकप्रिय अशी, की जत्रेतल्या एका ज्योतिषिणीने त्याच्या रेषा वाचता वाचता घाबरून काढून घेतल्या.

आज सकाळी, रविवारची प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर मंडळाच्या चिटणिसाने त्याला गाठलं होतं. “काय झेफेरिनो, मगरीचं कसं काय? खरं सांग, तुझ्या मेहुण्याला ते पदक मिळालंय, की तेही तूच घडवलंस?” आणि सगळे हसले. झेफेरिनोही हसला, सवयीने. पायऱ्या उतरून खाली येईपर्यंत त्याच्या ध्यानात आलं. साऱ्या आयुष्यात त्याच्या वाट्याला एकच खरी गोष्ट आली होती, आणि ती त्याने इतक्या थापांच्या गर्दीत नेऊन बसवली होती की आता तिला कोणी ओळखतही नव्हतं.

“मला दुसरे साक्षीदार शोधायचे होते,” कॅप्टन म्हणाले. “चौघांना बाहेर काढलं एवढं रुग्णालयाच्या नोंदीवरून कळतं. त्यातले तिघे आता हयात नाहीत. चौथा कॅनडात असतो. त्याला विचारलं. तो बेशुद्ध होता, म्हणाला, डोळे उघडले तेव्हा छत दिसलं. आणि यादीत आणखी एक नाव आहे.” त्यांनी फाईल उघडली, चष्मा चढवला. “बेल्मिरो. डोंगराकडचा मुलगा, वय वीस. शेरा आहे, बेपत्ता.”

शेगडीवरचा चिमटा थांबला.

देओलिंदाने ते ऐकलं. चिमटा थांबल्याचं ऐकू येणं कसं असतं, हे तिलाच विचारावं. ती उठली, नवऱ्याकडे दोन पावलं गेली आणि परत आली. “पुरे झालं,” ती हळू आवाजात म्हणाली. “लेमोससाहेब, तुम्ही थोर माणूस आहात, भात पोटभर खा. पण नाव नको आम्हाला. सरदाराचं द्या.”

“आई!”

“बाबांची इच्छा नसेल तर...” ओरासिओ म्हणाला. तो आत्तापर्यंत बायकोच्या बाजूचा होता. सासूचे डोळे पाहून त्याने तळ हलवला. ग्रासिएतने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वही परत खिशात घातली.

कॅप्टननी घड्याळ पाहिलं. लिस्बन दूर होतं. त्यांनी फाईलची नाडी बांधायला घेतली.

ग्रासिएत मामाशेजारी बसली होती. ती त्याच्या कानाशी वाकली. “मामा, बोटीशी मला काय करायचंय रे? सरदाराचं नाव लिहा, नाहीतर मांजराचं. पण मी बेचाळीस... नाही, सदतीस वर्षांची झाले. बघ, माझं वयसुद्धा विसरायला लागलेय मी रागाने. एवढ्या वर्षांत हा माणूस मला ‘हवा बदलली’ आणि ‘मीठ दे’ याच्यापलीकडे काही बोलला नाही. वाटलं होतं, आज साहेब विचारतील तर एकदा तरी... एकदा तरी त्यांच्या तोंडून ऐकेन की ते कोण होते. साहेब गेले की संपलं. पुन्हा कोण विचारणार?”

झेफेरिनोने आमारोच्या पाठीकडे पाहिलं. ही पाठ तो अडतीस वर्षं रोज पहाटे पाहत आला होता. दोघांची होडी एक. मातीची शेकडो गाडगी एका लांब दोराला बांधून समुद्राच्या तळाशी सोडायची, ऑक्टोपस आपणहून घर समजून त्यात राहायला येतो, मग दोर ओढून घ्यायचा. दोर नेहमी आमारो ओढायचा. एकटाच. झेफेरिनो इंजिनावर. गाव म्हणे, झेफेरिनो आळशी. गावाला काय, काहीही म्हणायला लागतं. पहिल्याच दिवशी, लढाईहून परतल्यावर, झेफेरिनोने दोराला हात घातला होता आणि आमारोने तो त्याच्या हातातून शांतपणे काढून घेतला होता. त्यानंतर त्याने कधी हात घातला नाही.

झेफेरिनोचं दुसरं काम, ऑक्टोपसला गाडग्यातून बाहेर काढायचं. यात मात्र पूर्ण किनाऱ्यावर त्याचा हात धरणारा नव्हता. नवशिके गाडग्यात हात घालून ओढतात. तो आठही हातांनी आतून असा चिकटतो, की तुटेल पण निघायचा नाही. झेफेरिनो ओढत नसे. एक चिमूट मीठ आत टाकायचं आणि दुसरीकडे बघत बसायचं. मीठ झोंबलं की तो स्वतःच्या पायांनी बाहेर येतो.

“बसा, साहेब,” झेफेरिनो म्हणाला. “मी होतो तिथे.”

“दादा, नको.”

“मगर नाहीये, देओ. आज मगर नाही.”

काय होतं त्याच्या आवाजात कोण जाणे. कॅप्टनचे नाडीवरचे हात थांबले.

“आम्ही आठ जण होतो,” झेफेरिनो म्हणाला. “आठच. रबराची होडी, पहाटेची गस्त. नदी म्हणजे आपल्या खाडीसारखीच, फक्त दहापट रुंद. ओहोटी लागलेली. पलीकडच्या तिवरांच्या झाडीतून गोळ्या सुरू झाल्या. झाडणारे त्यांच्या घराच्या दारात उभे होते, साहेब, आम्हीच परके. हे मी तेव्हा म्हणालो नाही, आज म्हणतो. होडी फाटली. सुकाणूवरचा जागीच गेला. पाणी भराभर उतरलं आणि आम्ही उघड्या गाळात. काठ दीडशे पावलांवर. दीडशे पावलं म्हणजे इथून चर्चचं दार. पण गाळ कमरेइतका, काही ठिकाणी तळच नाही.”

तो बोलत होता आणि हातवारे करत नव्हता. ग्रासिएतने आयुष्यात पहिल्यांदा मामाला हात मांडीवर ठेवून बोलताना पाहिलं.

“बाकीची पोरं डोंगराकडची, शेतातली. गाळात माणूस काय करतो? उभा राहतो. पाय उपसायला बघतो. जितका उपसतो तितका जातो. आम्ही दोघं इथले. आम्ही सहा वर्षांचे असल्यापासून ओहोटीला तिसऱ्यांचे शिंपले खणायला जायचो. आईने पहिली गोष्ट शिकवली ती ही, की चिखलात उभं राहायचं नाही. पालथं पडायचं. पोटावर. पालीसारखं सरपटायचं. आम्ही दोघं सरपटत काठावर आलो, येताना होडीचा दोर ओढत आणला. वळून पाहिलं तर पाच जण गाळात रुतलेले. चौघांना गोळ्या लागलेल्या. ते ओरडत होते. ओरडण्यात माझं नाव होतं. माझं, आमारोचं, आणि त्यांच्या आयांचं.”

देओलिंदा खाली बसली. ओरासिओने वही काढली नाही.

“मी म्हणालो, आता काही करता येत नाही. खरंच म्हणालो. आमारोने उत्तर दिलं नाही. तेव्हाही असाच होता. याने दोर कमरेला बांधला, होडीच्या तळाची फळी पोटाखाली घेतली, आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. म्हणाला, तीन झटके दिले की ओढ. आणि गेला. पालथा. गोळ्या त्याच्या आजूबाजूच्या चिखलात चपक चपक बसत होत्या, पावसाचे मोठे थेंब पडावेत तशा. मी तिवराच्या मुळाला पाय लावून बसलो. दोर सरत गेला, सरत गेला. मग तीन झटके. मी ओढलं. आले दोघं, याच्या पाठीवर एक. याने त्याला मुळांवर ठेवलं, आणि मी काही बोलायच्या आत वळला.”

कॅप्टनच्या मिश्या हलत होत्या. ते लिहीत होते, पण कागदाकडे बघत नव्हते.

“दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला याचा कान फाटला. बघा, डावा. मी गावात सांगतो शार्कने चावला. चौथ्या खेपेला याच्यात काही उरलं नव्हतं. डोळे तेवढे पांढरे, बाकी सगळा माणूस गाळाचा. मला वाटलं, देवाने पहिला माणूस मातीचा केला तेव्हा तो असा दिसला असेल. मी गुडघ्यावर होतो, साहेब. ओढण्यासाठी होतो, पण गुडघ्यावर होतो. त्यानंतर मी पुष्कळ चर्चमध्ये गेलो. तसं पुन्हा कुठे वाटलं नाही.”

 ग्रासिएत बापाच्या पाठीकडे, त्या फाटक्या कानाकडे अशी बघत होती जणू तो माणूस आत्ताच दारातून आत आला होता. सत्तर वर्षांचे कॅप्टन नकळत ताठ बसले होते, वरिष्ठ समोर असावा तसे.

“आणि पाचवा?” त्यांनी विचारलं.

झेफेरिनोने वाइनचा पेला उचलला, प्यायला नाही, खाली ठेवला.

हीच ती जागा. इथे तो नेहमी मगर घालायचा, नाहीतर आणखी चार माणसं. या जागेवर त्याने इतक्या वर्षांत इतकी माणसं आणून उभी केली होती, की त्यांच्या मागे एक वीस वर्षांचा पोरगा दिसू नये. आज त्याने दुसरीकडे पाहिलं, कठड्यावरच्या ऑलिव्हच्या बियांकडे, आणि मनातल्या मनात चिमूट मोकळी केली.

“पाचवा बेल्मिरो,” तो म्हणाला. “हा पाचव्यांदा गेला. दोर सरला. भरती लागली होती, पाणी परत येत होतं. मारा वाढला. एक गोळी माझ्या डोक्यावरच्या फांदीत बसली. आणि मी...” त्याने पेला बाजूला सारला. “मी दोर सोडला.”

“काय?” देओलिंदा म्हणाली.

“सोडला. घाबरलो. दोर टाकला आणि तिवरांत पळालो, आत, जिथे गोळी येत नव्हती. हा तिकडे झटके देत राहिला असेल. ओढायला कोणी नव्हतं. हा स्वतःच्या बळावर परत आला, बिनदोराचा. पण बेल्मिरोला आणू शकला नाही, कारण दुसऱ्या टोकाला मी नव्हतो. लिहा, साहेब. म्हणून हा बोलत नाही. मला वाचवण्यासाठी बोलत नाही. बायकोचा भाऊ ना मी याच्या.”

कॅप्टननी लिहिलं. लेखणीचा आवाज ऐकू येत होता.

आयुष्यात पहिल्यांदाच त्या टेबलाभोवतीच्या एकूणएक माणसाने झेफेरिनोवर विश्वास ठेवला होता. ते त्याला बघूनच कळलं. ओरासिओने नजर वळवली. ग्रासिएतचा हात त्याच्या बाहीवर होता, तो तिने काढून घेतला. रागाने नाही, नकळत, पण काढून घेतला. आणि देओलिंदा, जिला त्याने कडेवर घेऊन खाडी ओलांडली होती, जिच्या लग्नात तो वेदीपर्यंत हात धरून चालला होता, ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक दार लागत होतं.

“अडतीस वर्षं,” ती म्हणाली. “अडतीस वर्षं तू या टेबलावर जेवलास, दादा.”

“जेवलो.”

“त्याच्यासमोर बसून.”

“समोर बसून.”

शेगडीवर तारल्या जळत होत्या. निळा धूर अंजिराच्या पानांत शिरत होता. आमारोची पाठ हलली नाही.

झेफेरिनोने वाट पाहिली. गाडग्यात मीठ टाकल्यावर मनात वीसपर्यंत मोजायचं असतं. त्याने वीस मोजले. मग चाळीस.  जुना ऑक्टोपस कधीकधी मीठही सोसतो, आत बसून राहतो, आणि मग काही इलाज नसतो. मग हे असंच राहणार. उद्या हे मंडळासमोर वाचलं जाईल, परवा सलूनमध्ये सांगितलं जाईल, आणि यावेळी गाव हसणार नाही. त्याची एक थाप खरी म्हणून उरणार, आणि बहीण दार उघडणार नाही. त्याने साठ मोजले. चालेल, त्याला वाटलं. नौकेला नाव तर लागेल. त्याने पायाशी ठेवलेली टोपी उचलली.

चिमटा दगडावर पडला.

“खोटं,” आमारो म्हणाला.

आवाज एवढा खरखरीत होता की कॅप्टननी मान वर केली ती कोण बोललं ते बघायला.

“खोटं बोलतोय तो.” आमारो वळला होता. तो टेबलापाशी आला, त्याने झेफेरिनोचं मनगट पकडलं, टोपी खाली पडली, आणि त्याने तो हात टेबलावर, भाताच्या पातेल्याशेजारी, उताणा केला. गुळगुळीत, बिनरेषांचा तळवा उन्हात चमकला. “बघा. ग्रासिएत, तू पण बघ. दोर सोडणाऱ्याचे हात असे होतात?”

“बाबा...”

“मी ओरडत होतो, सोड म्हणून.” तो लेकीशी बोलत होता, कॅप्टन तिथे नव्हतेच जणू. “दोर संपला होता. बेल्मिरो तीन हातांवर होता. तीन. त्याची बोटं मला दिसत होती. त्याने मला विचारलं, येतोस ना? मी म्हणालो, आलो. मी कमरेची गाठ सोडायला गेलो, चिखलाने सुटेना. मग याला ओरडलो, सोड, टोक सोड, मला पुढे जाऊ दे. पाणी माझ्या तोंडात येत होतं. मी याला आईवरून शिव्या दिल्या. म्हणालो, सोडला नाहीस तर परत येऊन जीव घेईन तुझा.” त्याचा श्वास भरून आला. त्या मोठ्या देहात तो कुठेतरी अडकत होता, आणि देओलिंदा उठून त्याच्या पाठीशी उभी राहिली, त्याला हात न लावता. “याने मला ओढलं. एकट्याने. भरतीच्या पाण्यातून, मी उलटं ओढत असताना. मासा ओढावा तसं. काठावर आणलं तेव्हा याच्या हाताला कातडं नव्हतं. दोराला होतं.”

झेफेरिनो काही बोलला नाही. हे त्याच्या बाबतीत इतकं नवीन होतं की त्याला ते कसं करायचं तेच कळत नव्हतं.

“मी याला माफ केलं नाही,” आमारो म्हणाला. “याच्या होडीत बसलो, याच्या बहिणीशी लग्न केलं, याला दोराला हात लावू दिला नाही. अडतीस वर्षं. आणि हा गावभर सांगत फिरला की सगळे परत आले. मी ऐकायचो. दर वेळी ऐकायचो, आणि दर वेळी वाटायचं, या वेळी येईल तो. बेल्मिरो. या वेळी हा आणेल त्याला.”

ग्रासिएत रडत होती, तोंडावर हात धरून, एक शब्दही निसटू नये म्हणून.

आमारोने त्या तळव्यावर आपला तळवा ठेवला, आणि दुसऱ्या हाताचं जाड बोट कॅप्टनच्या कागदावर, ओल्या शाईवर टेकवलं.

“खोडा हे, साहेब. जन्माचा खोटारडा आहे हा, याच्या एका शब्दावर विश्वास ठेवू नका. याने दोर सोडला नाही.”